अमेरिकन यादवीची आठवण: दिवे तेवीस हजार, पण स्वयंपाकी कुठाय?

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. आज लिहायला बसलो, कारण गेल्या आठवड्यात यावरून घरात बायकोशी वाद झाला आणि तो काही मिटेना. म्हटलं, इथं टाकावा, निदान वाद घालायला माणसं तरी बदलतील.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. पाऊण तासावर शार्प्सबर्ग नावाचं गाव आहे. गाव म्हणजे आपल्याकडच्या वाडीपेक्षा जरा मोठं, एवढंच. शेजारून अँटिएटम नावाचा ओढा जातो. १७ सप्टेंबर १८६२ ला या ओढ्याकाठी, मक्याच्या शेतात आणि वापरून वापरून खचलेल्या एका गाडीवाटेत, उत्तरेचं आणि दक्षिणेचं सैन्य दिवसभर एकमेकांना कापत होतं. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २३ हजार. नुसते मेलेलेच साडेतीन हजारांवर.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तिथं दिवे लावतात. एका माणसामागे एक दिवा. खाकी कागदाची पिशवी, पूर्वी वाण्याकडे पावशेर रव्याला मिळायची तसली. तळाशी मगभर वाळू, वाळूत मेणबत्ती रोवायची. मुलगी गर्ल स्काउटमध्ये आहे, तिच्या पथकाबरोबर दोनदा आम्हीही या कामाला गेलो. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला होतो. दुपारी पेटवायला सुरुवात करायची. वारा असला की पुढची लावावी तर मागची विझलेली. आणि मग अंधार पडतो. टेकाडामागून टेकाड येतं, दिव्यांच्या ओळी संपत नाहीत. पार्किंग लाइटवर मुंगीच्या पावलानं गाड्या सरकत असतात, थांबायची परवानगी नाही. कुणी हॉर्न देत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला मी कृष्णेत पणत्या सोडल्यात, पण पणती सोडताना आपण मोजत नाही. इथं मोजलेले असतात, म्हणून अंगावर येतं.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या ओळीत एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांचे खापरपणजोबा त्या गाडीवाटेत, म्हणजे 'ब्लडी लेन'मध्ये, नॉर्थ कॅरोलिनाच्या पलटणीतून लढले होते. माणूस अतिशय सज्जन. माझ्या मुलीला गुडघ्याखाली घ्यायला स्वतःचा गालिच्याचा तुकडा दिला. ते करड्या गणवेशात, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने, लुटुपुटूच्या लढाया खेळतात. त्यांच्या बोलावण्यावरून उन्हाळ्यात एका खासगी शेतावर आम्ही ती बघायला गेलो. (राष्ट्रीय उद्यानांच्या जमिनीवर दोन फळ्या समोरासमोर उभ्या करून लढाई खेळायला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं बाहेर होतं.)

जुलैचा उकाडा आणि अंगात जाड लोकरीचे कोट. तंबू, शेकोट्या, पत्र्याचे मग, दात पडतील असली टणक बिस्किटं. एकाने मला कोटाचं बटण दाखवलं, ते शिवलेला दोरासुद्धा त्या काळच्या पद्धतीचा! मशीनची शिलाई दिसली तर आपापसात थट्टा होते. लढाई सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी मरतच नाही, कारण चार तास गाडी हाकून आलेल्याला लगेच आडवं पडायचं नसतं. नंतर मरतात ते बघून बघून, झाडाच्या सावलीत. आमची करमणूक झाली, खोटं कशाला बोलू.

पण संध्याकाळी छावणीत फिरताना एक गोष्ट खटकली. त्या काळी दक्षिणेच्या सैन्याबरोबर हजारो गुलाम असायचे. स्वयंपाक करायला, गाड्या हाकायला, खंदक खणायला, मालकाचा घोडा खरारायला. बटणाचा दोरा जपणाऱ्या या छावणीत रांधणारा गुलाम कुठेच नव्हता. मी त्या गृहस्थांना विचारलं. ते ओशाळले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आम्ही छावणीत राजकारण आणत नाही."

बायको म्हणते, मेलेल्याच्या दिव्याला हिशोब विचारू नये. मी म्हणतो, दिव्याला नाही विचारत, छावणीला विचारतोय. तुमचं काय मत?

पेठेतला_पक्षी

फर्मास लिहिलंय. सावलीत मरण्याची कल्पना आपल्याला पटली. वहिनींना माझा पाठिंबा कळवा. (मत ऐकायच्या आधीच दिला, अनुभव आहे.)

अटलांटाची_काकू

छावणीवरून आमची सहल आठवली.

अटलांटाजवळ स्टोन माउंटन आहे. इथल्या देशी मंडळींची ठरलेली जागा. हिरवळीवर सतरंज्या अंथरायच्या, भेळ कालवायची, मुलं गवतावरून गडगडत जाणार, अंधार पडला की डोंगरावर लेझर शो. आम्ही वर्षानुवर्षं गेलो. डोंगराच्या उघड्या कातळावर तीन घोडेस्वार कोरलेत, ते कोण हे पहिली सहा-सात वर्षं मी विचारलंसुद्धा नाही. वाटलं, असतील कुणी यांचे सरदार.

तर ते जेफरसन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन. दक्षिणेचा अध्यक्ष आणि दोन सेनापती. कोरीवकाम ९० फूट उंच, १९० फूट रुंद. मी समजत होते हे युद्धानंतर लगेचचं काम असेल. पुरं झालं १९७२ ला, युद्ध संपून १०७ वर्षांनी! मधे कितीतरी वर्षं अर्धवट पडून होतं. शाळांमध्ये काळे-गोरे वेगळे बसवायचे नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला १९५४ ला, जॉर्जिया राज्याने हा डोंगर विकत घेतला १९५८ ला, आणि थांबलेली छिन्नी पुन्हा चालायला लागली १९६४ ला. याच डोंगरमाथ्यावर १९१५ मध्ये क्रॉस जाळून कू क्लक्स क्लानचा, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा, दुसरा जन्म झाला होता. मार्टिन ल्यूथर किंग १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात स्वातंत्र्याचा घोष जिथून जिथून घुमू दे म्हणतात, त्या डोंगरांच्या यादीत हा डोंगर आहे, तो उगाच नाही.

ऑक्टोबरात तिथंच स्कॉटिश लोकांचा मेळा भरतो. घागरे घातलेले बाप्ये, बॅगपाइप, ओंडकाफेक. आपल्या आडनावाच्या कुळाचा तंबू शोधत लोक फिरतात, अगदी कुलदैवताच्या जत्रेसारखं. मला तो आवडतो. पण वर ते तिघे असतातच.

सहलीला आता जात नाही का? जातो. भेळ तीच. फक्त आता मी मुलांना आधी सांगते वर कोण आहेत ते.

शब्दवेल्हाळ

जरा अवांतर, पण अगदीच नाही.

आपण या युद्धाला 'यादवी' म्हणतो. शब्द कुठून आला ते बघा. ऋषींची थट्टा केली, शाप मिळाला, मुसळ जन्मलं, ते कुटून समुद्रात टाकलं तर त्याचे लव्हाळे उगवले, आणि प्रभासक्षेत्री दारू पिऊन यादवांनी तेच उपटून एकमेकांना मारलं. म्हणजे यादवी म्हटलं की भाऊ-भाऊ आले, दोघांनाही चढलेली आली, आणि भांडणाचं कारण पार किरकोळ झालं. आपण एक अक्षर लिहायच्या आधीच शब्दानं निकाल देऊन टाकलाय.

अमेरिकेत नेमका हाच निकाल समारंभपूर्वक दिला गेला. १९१३ ला गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन्हीकडचे पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक त्या मैदानात तंबू ठोकून राहिले. पांढऱ्या दाढ्यांनी दगडी कुंपणावरून एकमेकांशी हस्तांदोलन केलं, त्याचे फोटो आहेत. अध्यक्ष विल्सन यांनी भाषणात सांगितलं की आता आपण भाऊ आहोत आणि भांडण विसरलं गेलंय. त्याच वर्षी त्यांच्याच सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबलं वेगळी व्हायला लागली होती. उत्तरेच्या बाजूने १ लाख ७९ हजारांच्या आसपास काळे शिपाई लढले, नौदलातले वेगळे. हस्तांदोलनाच्या फोटोंत ते शोधून बघा.

दक्षिणेत बरेच लोक 'यादवी'सुद्धा म्हणत नाहीत हो. 'राज्याराज्यांमधलं युद्ध', नाहीतर थेट 'उत्तरेचं आक्रमण'. नावातच अर्धी लढाई.

तटस्थ_तात्या

मला हा धागा पटला नाही. स्पष्ट लिहितो.

जे मेले ती शेतकऱ्यांची पोरं होती. दक्षिणेच्या बहुतेक शिपायांकडे स्वतःचा एकही गुलाम नव्हता. गावावर सैन्य चालून आलं, पोरगा बंदूक घेऊन उभा राहिला. त्याचा खापरपणतू दिडशे वर्षांनी लोकरीचा कोट घालून घाम गाळतो, तर त्याला 'तुझा गुलाम कुठाय' म्हणून विचारायचं? आपल्या घरी कुणी तेराव्याला येऊन 'तुमचे आजोबा सावकारी करायचे ना' असं विचारलं तर चालेल? शिवाय आपण तिथं पाहुणे. पाहुण्यानं यजमानाच्या देव्हाऱ्यात हात घालू नये.

आणि समजा उद्या कुणी छावणीत गुलाम उभा केलाच, तर हीच मंडळी म्हणतील की बघा, अपमान केला. मग करायचं काय माणसानं?

खानदेशी_तडका

तात्या, पाहुणे कसे काय? त्या युद्धाचं बिल आपल्याकडंबी आलं होतं ना भाऊ.

उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली, तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी. मग सगळ्यांच्या नजरा आपल्याकडं. खान्देश, वऱ्हाड, गुजरात, जिथून मिळंल तिथून कापूस मुंबईला. मुंबईत पैशाचा नुसता धो धो पाऊस. रोज नवी बँक, रोज समुद्र हटवायची नवी कंपनी. बॅक बेच्या कंपनीचा ५ हजार भरलेला शेअर ५० हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद म्हणजे त्या बाजाराचा राजा.

आणि ९ एप्रिल १८६५ ला तिकडं अॅपोमॅटॉक्सला ली सेनापतीनं हत्यार खाली ठेवलं. बातमी इकडं पोचली अन् कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला सौद्यांचा हिशोब चुकवायचा दिवस होता, त्या दिवशी मुंबई बसली. तोच शेअर दोन हजारांच्या खाली. राजाबाई टॉवर बघता ना तुम्ही फोर्टात? तो प्रेमचंदशेठनं आईच्या नावानं दिलेल्या पैशातला.

शेतकऱ्याचं काय झालं ते तर ऐका. तेजीत सावकार दारात येऊन कर्ज देत होता. तेजी गेली, त्यानं हात आखडला, सारा मात्र वाढला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या घरातनं वह्या-खतं ओढून काढली अन् जाळली. हे एकट्या अमेरिकेमुळं झालं असं मी म्हणत नाही, पण धागा तिथवर जातो. बापानं घेतलेलं कर्ज पोराच्या डोक्यावर, हाच तर त्या खतांचा राग होता.

तात्या तेराव्याला सावकारी काढू नका म्हणतात. काढतात ओ, सुप्याला काढलीच.

कृष्णाकाठचा

खानदेशी, हे मला माहीत नव्हतं. दिवे लावताना आता सुपं आठवणार.

तात्या, तुमचा पहिला मुद्दा खरा आहे. सगळ्यांकडे गुलाम नव्हते, तीन-चार कुटुंबांमागे एकाकडे असतील. पण पोरगा कशासाठी उभा राहिला हे त्याला जसं विचारायचं, तसं त्याला उभं करणाऱ्यांनाही विचारायला हवं ना? त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. मिसिसिपी राज्याने फुटून निघताना जाहीरनाम्यात सुरुवातीलाच सांगितलं की आमची भूमिका गुलामीच्या संस्थेशी पुरती एकरूप आहे. दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सवाना इथल्या भाषणात म्हणाले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला. 'छावणीत राजकारण नको' हे नंतरचं. ज्यांनी युद्ध सुरू केलं ते मोकळेपणानं राजकारणच बोलत होते.

दिव्यांचीही एक गंमत सांगतो. दिवे दोन्ही बाजूंचे एकत्र असतात, पण तिथल्या राष्ट्रीय दफनभूमीत यादवीतले फक्त उत्तरेचे शिपाई आहेत. दक्षिणेच्या मृतांना तेव्हा तिथं जागा दिली नाही, त्यांना हेगर्सटाउनला, फ्रेडरिकला, जागा मिळेल तिथं पुरलं. म्हणजे मेलेल्यांचा हिशोब तेव्हा लोकांनी अगदी काटेकोर ठेवला होता. तो पुसला नंतर.

अजून एक. ही लढाई उत्तरेच्या पथ्यावर पडली म्हणून पाचच दिवसांनी लिंकननी गुलाममुक्तीची घोषणा करायची हिंमत केली, आणि ती १ जानेवारी १८६३ पासून लागू झाली. पण मेरीलँड उत्तरेबरोबर राहिलेलं गुलामीचं राज्य, त्यामुळे ती घोषणा इथं लागूच नव्हती. ज्या शेतांत हे २३ हजार पडले, त्या शेतांवर राबणारे गुलाम १ नोव्हेंबर १८६४ पर्यंत गुलामच राहिले. मी स्वतः दोन वर्षं तिथं वाळू भरली आणि हे मला दुसऱ्या वर्षी माहितीफलकापाशी कळलं.

भीमथडी

तात्यांच्या 'देव्हाऱ्यात हात घालू नये' या वाक्यावर थांबले.

मी दर १ जानेवारीला कोरेगावला जाणाऱ्या घरातली. १८१८ च्या लढाईचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला. तो आमच्यासाठी उभारलेला नव्हता. त्यावर महार शिपायांची नावं होती, ती आमच्या लोकांनी वाचली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले आणि त्या दगडाचा अर्थच बदलला. लोक वाद घालतात की ते युद्ध खरं तर अमक्यासाठी नव्हतंच, तमक्यासाठी होतं. घाला. पण आठवण कोण काढतं यावर ती कशाची होते हे ठरतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

अमेरिकेतही हेच झालंय. युद्धात मेलेल्या शिपायांच्या स्मृतिदिनाची (मेमोरियल डे) कथा सांगताना बहुतेक जण १८६८ मधल्या जनरल लोगनच्या आदेशापासून सुरू करतात. त्याच्या तीन वर्षं आधी, १ मे १८६५ ला, चार्ल्सटनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नुकतेच सुटलेले गुलाम जमले होते. त्या मैदानात उत्तरेचे कैदी कोंडले होते, त्यातले २५७ मेले आणि घाईनं एकत्र पुरले गेले. या लोकांनी त्यांना वर काढून एकेकाला वेगळी कबर दिली, भोवती कुंपण घातलं, आणि सुमारे दहा हजार माणसं फुलं घेऊन आली. पुढे शाळेतली मुलं गात होती. हा मेळा पुढं कित्येक दशकं कुणाच्या पुस्तकात नव्हता.

आणि काळ्या लोकांच्या चर्चमध्ये ३१ डिसेंबरची रात्र अजून जागवतात. १८६२ च्या त्या रात्री घोषणा लागू होण्याची वाट बघत लोक जागे होते, त्याची ती आठवण. आम्हीही त्याच रात्री कोरेगावच्या गाडीत असतो. योगायोग आहे, पण मला आवडतो.

जाता जाता: जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या भल्या लोकांना. पुण्यात बसून. तेव्हा पाहुणे वगैरे राहू द्या.

नवखा_नारायण

+१ भीमथडी. बाकी मला लेझर शोचे फोटो हवेत.

पाउलिस्ता_पाटील

ब्राझीलमधून हजेरी. हरलेल्या दक्षिणेतली काही हजार माणसं युद्धानंतर जहाजात बसून इकडे आली, कारण इकडे गुलामी अजून चालू होती (ती संपली १८८८ ला) आणि कापसाला जमीन स्वस्त. आमच्या साओ पाउलो राज्यात अमेरिकाना नावाचं शहरच आहे. जवळ सांता बार्बरा द'ओएस्ते इथं त्यांची दफनभूमी. तिथं वंशजांचा वार्षिक मेळा भरायचा. घेरदार झगे, करडे कोट, तळलेली कोंबडी, आणि मैदानावर मोठ्ठा दक्षिणेचा झेंडा रंगवलेला. नाचणारी पोरं पोर्तुगीज बोलणारी, त्यातल्या निम्म्यांना इंग्रजी येत नाही. जिमी कार्टर जॉर्जियाचे राज्यपाल असताना १९७२ ला इथं आले होते.

मी एकदा गेलो होतो. कोंबडी उत्तम. माझ्याबरोबरच्या काळ्या सहकाऱ्याने फाटकापर्यंत सोबत केली आणि म्हणाला, तू जाऊन ये, मी गाडीत बसतो. तो तासभर गाडीत बसला. नंतर त्या झेंड्यावरून इथंही बराच गदारोळ झाला, नगरपरिषदेपर्यंत.

तटस्थ_तात्या

भीमथडी, चार्ल्सटनचं वाचून गप्प बसलो होतो. ते माहीत नव्हतं. 'पाहुणे' मागे घेतो.

पण माझा मूळ प्रश्न उरतोच. तो सत्तरीचा माणूस तुमच्या मुलीला गालिचा देतो. त्याला खापरपणजोबाची आठवण काढायची आहे. ती त्याने कशी काढावी? पुतळे हलवले, बरं केलं. रिचमंडचा लीचा पुतळा १८९० चा, २०२१ ला उतरवला, माझी हरकत नाही. पण खापरपणजोबा काही पुतळा नव्हे. तो उतरवता येत नाही.

अटलांटाची_काकू

तात्या, वॉशिंग्टनला काळ्या शिपायांचं स्मारक आहे, १९९८ चं. भिंतीवर २,०९,१४५ नावं कोरलीत. काळ्या पलटणींचे गणवेश घालून लढाया खेळणारेही आहेत. त्या गृहस्थांच्या छावणीने त्यांना एकदा जेवायला बोलवावं. स्वयंपाक मात्र करड्या कोटवाल्यांनी करायचा.

कृष्णाकाठचा

काकू, हे मी त्यांना सुचवून बघतो. तात्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, तात्यांना सांग, खापरपणजोबाचा दिवा लावायचाच, आणि त्याच्या शेजारी त्याचा स्वयंपाक करणाऱ्याचाही लावायचा. पण मग आकडा २३ हजारांवर राहणार नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग वाळू जास्त लागेल.

ढगाळ_दुपार

आम्ही बाल्टिमोरला नवीन आहोत. यंदा डिसेंबरला दिवे बघायला यायचं आहे. तिकीट वगैरे? लहान बाळ आहे सोबत.

कृष्णाकाठचा

तिकीट नाही. फक्त गाड्यांची रांग लांबलचक असते, दोन-दोन तास लागतात. गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे बाळाचं दूध, डायपर, थर्मास सगळं हाताशी ठेवा आणि टाकी भरून या. पाऊस, बर्फ किंवा जोराचा वारा असला तर रद्द करतात, निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

आणि नव्या गाड्यांचे हेडलाइट अंधार पडला की आपोआप लागतात. ते बंद कसे करायचे हे घरीच शिकून या. पहिल्या वर्षी आमचे बंद होईनात, शेवटी बायकोने मांडीवर गाडीचं पुस्तक घेऊन पान शोधलं, तोवर मागच्या-पुढच्यांच्या शिव्या खाल्ल्या.